सज्ज्याखालचे सत्य

३ मार्च, सकाळी
नगरपालिकेने आमच्या सांता ओतिलिया गावच्या वारसा-सहलीतून चांदीच्या खाणीवरील माझे व्याख्यान वगळले आणि त्या जागी ओब्दुलियाबाईंचा सज्जा घेतला. कालपर्यंत ही बाई त्याखाली मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे तमाल विकत होती. आज सांगते, की एका नववधूने खाणकामगारासाठी इथूनच उडी घेतली. सज्जा १९६२ सालचा. बांधताना मी पाहिलेला. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या मनुष्याने मत्सर करावा, अशी तिची योग्यता नाही. केवळ नोंद करून ठेवतो.

५ मार्च
पर्यटन अधिकारी यादिरा हिला भेटलो. माझीच विद्यार्थिनी, निबंधात कच्ची. म्हणाली, मास्तर, तुमच्या व्याख्यानाला मोजून तीन माणसं, त्यातलं एक पावसाला भिऊन आत आलेलं. शेजारचं सान फेर्मिन गाव राज्याच्या पर्यटन-यादीत आपल्या वर जाऊन बसलंय, मी काय करू?
निश्चय : रोज अकरा वाजता सज्ज्याखाली जाऊन असत्याचे जागच्या जागी खंडन करणे. माझी जागा मी परत मिळवीन.

६ मार्च
खंडन केले. बाईने कमरेवर हात ठेवून विचारले, की मास्तर, तुमच्यासाठी कुणी साधी खिडकीसुद्धा उघडली नाही, म्हणून पोटात दुखतंय का? लोक हसले. अर्थात तिच्या अज्ञानाला.

१४ मार्च
गर्दी दुप्पट. मी काठी उगारताच सगळ्यांचे मोबाइल वर होतात. जनतेला अखेर पुराव्यांची गोडी लागली. ग्वादालाहाराच्या एका गृहस्थांनी मला पुन्हा एकदा रागवण्याची विनंती केली, कारण त्यांच्या पत्नीला पहिल्या वेळी नीट दिसले नव्हते. जिज्ञासू कुटुंब.
बाई हल्ली मला एक तमाल देते. लाच म्हणून नाकारणार होतो. परंतु अन्न वाया घालवणे मला पटत नाही.

२ एप्रिल
राज्याची नवी यादी आली. आपण सान फेर्मिनच्या वर. सत्कार ओब्दुलियाबाईंचा. मला यादिराने एवढेच सांगितले, की अकराला उशीर करत जाऊ नका. श्रेय कोणाचे, हे गाव जाणते. हार तिला शोभत नव्हता.

९ एप्रिल
ताप. जाणे अशक्य. पर्यटक हिरमुसून परततील, याचे दुःख आहे, फार नाही.

१० एप्रिल
यादिरा सूप घेऊन आली. म्हणाली, निवांत पडून राहा, काल तुमच्या जागी सेलेरिनो न्हाव्याला उभं केलं. माहितीपत्रकात 'अकरा वाजता : चिडका मास्तर' असं छापलंय, खाडा कसा करणार? शिवाय त्याला टाळ्याही पडल्या म्हणे.
त्या न्हाव्याला राग म्हणजे काय, हे ठाऊक तरी आहे का?

११ एप्रिल, दुपारी
ताप असूनही गेलो. गर्दीत मागे उभा राहिलो. सेलेरिनो काठी डाव्या हातात धरतो आणि सज्जा १९२६ सालचा म्हणतो. टाळ्या माझ्याहून अधिक. राहवले नाही; हात वर करून चूक दाखवली.
पुढे उभ्या असलेल्या एका पर्यटक बाईने वळून दटावले, की आजोबा, जरा गप्प बसा हो, मास्तरांना चिडू द्या.