दोन टाचांचे रक्त, दोन कार्डे

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी,
नवजात बालक जनुक तपासणी कक्ष,
बाल रुग्णालय.

विषय : दोन मुलींच्या अहवालांची अदलाबदल, व एकीची साखर आजच तपासण्याबाबत.
संदर्भ : आपली दोन पत्रे, एकाच घरी आलेली.

महोदय,

मी घरी शिवणकाम करते. दीड वर्षापूर्वी मी व माझ्या थोरल्या जाऊबाई एका दिवसाच्या अंतराने आपल्याकडे बाळंत झालो. दोघींना मुलीच. आपल्या पत्रानुसार माझ्या मुलीच्या जनुकांत असा फरक आहे की तिला लहानपणीच मधुमेह होण्याचा धोका जास्त आहे. होईलच असे नाही. जाऊबाईंच्या मुलीत तो फरक नाही.

तेव्हापासून मुलगी किती पाणी प्यायली, किती लंगोट भिजले, सगळे मी मोजते. शिवणाचा टेप तिच्या दंडाला लावते. सासूबाई म्हणतात, "पोरीला ब्लाऊज शिवतेस का गं?" मुलगी मात्र गुटगुटीत आहे. पाणी पाणी करते ती जाऊबाईंची. पंधरा दिवसांत तिची झबली सैल झाली. बोलले, तर जाऊबाई म्हणाल्या, "पत्रात स्वच्छ लिहिलंय, हिला काही नाही. तू तुझी सांभाळ."

आता कोणाला न सांगितलेले लिहिते. टाचेतून रक्त घ्यायला सिस्टर आल्या तेव्हा जाऊबाई अंघोळीला गेल्या होत्या. दोन्ही मुली माझ्याजवळ. रक्ताचे थेंब टिपायचे जे कार्ड त्यांच्या हातात होते, त्यावर माझ्या मुलीची नोंद होती. ती रडून रडून नुकतीच झोपली होती. मी म्हटले, "हिला आधी टोचा," आणि जाऊबाईंची मुलगी पुढे केली. नंतर दुसऱ्या, जाऊबाईंच्या मुलीच्या कार्डावर माझ्या मुलीचे रक्त गेले. मी पाहिले, पण दोघींचेही घ्यायचेच आहे, काय बिघडते, म्हणून गप्प बसले.

आज सकाळी जाऊबाईंना सांगितले. वाटले, थोबाडीत देतील. त्या म्हणाल्या, "बोलत काय बसलीस? चप्पल घाल." इथे खिडकीवर पत्र पाहून म्हणाले, "हिला धोका नाही, पुढच्या आठवड्यात या." महोदय, ते पत्र तिचे नाही. अहवाल फिरला तर माझी सुटते नि तिची सापडते. देवाकडे काय मागावे तेच कळत नाही.

हे आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. जाऊबाईंच्या मुलीची साखर आत्ता तपासावी. कार्डांचे नंतर बघावे. मात्र टाचेतून पुन्हा रक्त घ्याल तेव्हा माझीचे आधी घ्यावे. ती आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे. उठवते.

आपली नम्र, आणि फार घाबरलेली,
(सही) धाकटी जाऊ
(सही) थोरली जाऊ

दिनांक : आजचाच

सोबत : १) दोन्ही पत्रे. २) दोन्ही मुली.