तिसरं कुलूप

५ मार्च १९७९
स्टँडवर आण्णा भेटले, नगरपालिकेतले माझ्या आधीचे खजिनदार. सस्पेंड झाल्यापासून दाढी वाढलीय. मी नमस्कार करून पुढं निघाले तर ते मागून म्हणाले, "किल्ली माझ्या कमरंलाच व्हती गं बाई. तरी रोकड कमी भरली." त्यांची केस चालू आहे आणि मी त्यांच्या खुर्चीत.

१२ मार्च
तिजोरीला दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची मुख्याधिकारी साहेबांकडे. एकट्याला उघडत नाही. दोन्हींच्या जोडकिल्ल्या, म्हणजे जादा संच, तालुक्याच्या ट्रेझरीत, मोहोरबंद पाकिटांत. वर्षाची तपासणी म्हणून आज मी तिथं गेले. साहेबांचं पाकीट आहे. माझ्या किल्लीचं नाही. तिथला कारकून कन्नडमधून म्हणाला, तुमच्याच नगरपालिकेनं नेलं. आण्णांची रोकड कमी भरली त्याच्या आदल्या महिन्यात. नेणाऱ्याची सही वाचता येत नाही.
म्हणजे स्वतःची एक आणि ही नेलेली, अशा दोन्ही किल्ल्या ज्याच्याकडे...

१३ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांचा आवाज मऊ. "जुनं कशाला उकरता? प्रोबेशनवर आहात ना बाई?" कुलूप बदलण्याचा अर्ज दिला. वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

१९ मार्च
साहेबांसोबत तिजोरी उघडली. बंडलं मी रचते तशी नव्हती. रक्कम बरोबर. कुणीतरी उघडून पाहिलंय, नेलं काही नाही. साहेब घड्याळ बघत होते.
शिपाई बसाप्पाला विचारलं, काल रविवारी कोण आलं होतं? फडकं पिळत राहिला. "आक्का, मला तीन पोरी हैत." एवढंच.

२४ मार्च
घरी आप्पांना यातलं काही कळू दिलं नाही. वखारीतले जुने सोबती ओट्यावर आले होते. जन्मभर तंबाखू चाळलेली माणसं. आप्पा त्यांना सांगत होते, सगळ्या गावाची तिजोरी आमची पोरगी सांभाळती. एकानं चिडवलं, "मग आमची घरपट्टी माफ कर म्हणावं की!" हसले सगळे. मी चहा ठेवून आत आले. उद्या रोकड कमी भरली तर आप्पा या ओट्यावर बसायचे नाहीत.

२६ मार्च
बेळगावहून आणवलेलं कुलूप तिजोरीच्या खोलीला लावलं. पदरचे पैसे. दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ. झोप लागली.

३० मार्च
साहेब दारापाशी थांबले. वाटलं, काढायला लावतील. कुलूप हातात धरून पाहिलं, बसाप्पालाही दाखवलं. "चांगलं केलंत. आता तुमच्याशिवाय आत कुणी जाऊ शकत नाही. तसं लिहूनच ठेवतो." लिहिलं. खाली बसाप्पाचा साक्षीदार म्हणून अंगठा.
रोकड कमी भरली तर आत गेलेली मीच ठरणार, हे कुलूप लावताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता काढलं तर का काढलं, तेही लिहितील.
उद्या वर्षअखेर. वसुली संध्याकाळपर्यंत चालणार, बँकेत भरणा सोमवारनंतर. सगळी रोकड आत राहणार.
सगळे गेल्यावर खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन आले. खिडकीचे गज एकेक ओढून पाहिले. कडेचा एक सैल झालाय, हातात फिरतो.