आपल्या घराचा फॉर्म

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे तिसरं. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत कुठे ना कुठे नाकावरची म्हण आलीच. आपली भाषाही अशी, की राग आला तरी नाक आणि फजिती झाली तरी नाकच! तू म्हणशील, नाचता येईना अंगण वाकडं. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते. तुझ्या नाकाच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं तिनेच सांगितलं. पुढचा सोमवार. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज ऑफिसात दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

गेल्या हिवाळ्यातलं माझं आरोग्य पाहणीचं काम आठवतं? क्लिपबोर्ड घेऊन दारोदार हिंडायचं आणि चोवीस प्रश्न विचारायचे. पंधराव्याला लोक हसायचे. इतरांना दिसतही नाही असं काहीतरी व्यंग आपल्या रूपात आहे, या विचारात तुमचा रोज तासभर तरी जातो का? चारशे बारा जणांना विचारलं. आठ जण हसले नाहीत. एक खानावळीतला आचारी, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक मुलगी, जिने फ्रिजच्या चकचकीत दारावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. आठही जणांनी आधी दार लोटून घेतलं, मग हळूच हो म्हणाले. आणि सगळ्यांनी एकच विचारलं, आणखी कुणी हो म्हणालं का? ते सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. मी गुमान पुढचा प्रश्न वाचायची.

परवा निकाल आला. शंभरात दोन. आमच्या प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, की जिथे जिथे मोजलंय तिथे साधारण एवढेच निघतात आणि बरेच जण घरच्यांनाही कळू देत नाहीत. म्हणजे भरलेल्या बसमध्ये एक तरी असणार, खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळत. हा आजार आहे रे, नखरा नव्हे. त्यावर औषधं आहेत, बोलून उपचार करणारे डॉक्टर आहेत. ऑपरेशनने मात्र बहुधा भागत नाही, असंही त्या म्हणाल्या. तुझं पहिलं झालं तेव्हा तू आठ दिवस खुशीत होतास. मग हनुवटी सुरू झाली, आणि आता पुन्हा नाक.

मामांनी तुला नाकावरून गमतीत पोपट म्हटलं आणि मी ते शाळाभर केलं. तू सहावीत होतास. मी हसायची, म्हणून तूही हसायचास. मला त्याची फार लाज वाटते. पण खरी बोच वेगळीच आहे, आणि ती लिहायची म्हणून मघापासून तीनदा उठून पाणी पिऊन आले.

आपलं घरही माझ्याच यादीत होतं. नियम असा, की ज्याचं उत्तर त्यालाच विचारायचं, इतरांना ऐकू जाणार नाही असं. तेव्हा तू इथेच राहायचास; त्या सकाळी दीड तास न्हाणीघरात होतास. नळ सोडून ठेवलेला, आम्हाला वाटावं अंघोळ चालली आहे. मला उशीर होत होता. एका हाताने दार बडवत, दुसऱ्या हाताने मी फॉर्म भरून टाकला. पंधराव्या प्रश्नाला तुझ्या नावापुढे 'नाही' लिहिलं. घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं! चारशे बारा परक्यांना विचारलं आणि तुला नाही. ते 'नाही' आता खोडता येत नाही, निकालात गेलं. म्हणून आज विचारते. आठ जण हो म्हणाले, नववा तू आहेस का? रविवारी पहिल्या गाडीने येतेय. क्लिपबोर्ड आणणार नाही. आधी त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, सोमवारचं मग बघू. तूही विचारशील, आणखी कुणी हो म्हणालं का? त्यांना सांगता आलं नाही, तुला सांगते. म्हणाले रे. एकट्या माझ्या यादीत आठ.

तुझीच,
दार बडवणारी ताई