आमच्याकडे कुणालाच काही नसतं

तीर्थस्वरूप मावशीस, वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला उतरला का? इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात सातव्या महिन्यातच तुझी भाचेसून दवाखान्यात आडवी आहे, रक्तदाब चढलाय, तोंड सुजलंय आणि मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून हे लिहितोय. (आत मला बंदी आहे. माझ्यासारख्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला जगातला प्रत्येक काटा बिघडलेलाच वाटतो. नर्सबाई चहाला गेल्या तेव्हा मी रक्तदाबाचं यंत्र उघडून जरा सैल केलं. पुढच्या दोघींचा रक्तदाब इतका उत्तम निघाला की डॉक्टरीणबाईंना लगेच संशय आला.)

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, कारण हे रक्तातूनही येतं. आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं की आमच्याकडे कुणालाच काही नसतं, हे हिच्या माहेरचंच. (तुला घर माहीतच आहे. आजोबा दोनदा छाती धरून खाली बसले ती 'दमणूक', मामा वर्षभर अंथरुणात होता तो 'कंटाळा'.) माझ्या सासूबाई बिचाऱ्या आपल्या सगळ्या बहिणी-आत्या आठवून थकल्या, कुणालाच नव्हतं. तरी ही भिंतीकडे तोंड करून पडली आहे, आपल्यातच खोट आहे म्हणते. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळात बापाचाही वाटा असतो. बापाच्या वेळी त्याच्या आईला त्रास झाला असेल तर तेही धरावं लागतं. तेव्हापासून आई गप्प आहे. बाळ कधी काढावं लागेल सांगता येत नाही, दोघंही हाती लागतील का तेही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मावशी, माझं अवसानच गळालंय.

तुझा,
भाचा

ता. क. खरं तर एवढंच विचारायचं होतं: माझ्या वेळी आईला काय झालं होतं?

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच आई उठून आत गेली. दारातून मला ऐकू आलं. हिच्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "मलाही झालं होतं गं. हा पोटात असताना. झटके आले होते. तुझा काही दोष नाही, तुझ्या आईचाही नाही." सासूबाईंनी तिला पाणी दिलं. तेव्हापासून आई रडतेय आणि आमच्यापैकी कुणालाही तिला आवरता येत नाही. तर उत्तर धाडू नकोस, तूच ये. तेव्हा तिच्या उशाशी तू बसली होतीस म्हणते. आताही तिच्यापाशीच बस. हिच्यापाशी मी आहे.