साखर नसलेलं रक्त

३ जून १९७४
"हिला कुणाचंच रक्त मानवत नाही," वीस वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणात एक नर्सबाई म्हणाल्या होत्या. बाटली लावताच मला हुडहुडी भरली. बाळ गेलं, मी राहिले. आज ते आठवलं, कारण मुलाखतीत डॉ. नृसिंहांनी पदवीपेक्षा त्याचीच जास्त चौकशी केली. पण नोकरी मिळाली! राजारामपुरीत प्रयोगशाळा, मागे मला स्वच्छ खोली. समोर शिकवणीतल्या मुली पाढे म्हणतात. इथे नव्या माणसाने पहिल्या दिवशी तुलनेसाठी स्वतःचं रक्त द्यायचं असतं. हसत दिलं.

६ जून
डॉक्टरांनी समजावलं. तांबड्या पेशींवर साखरेचे रेणू असतात, त्यांवरून रक्तगट ठरतो. ओ गटाच्या पेशींवरही त्यातली पायाची साखर असते. माझ्या पेशींवर तीही नाही. म्हणून माझं सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं रक्तातलं पिवळसर पाणी, कुणाच्याही पेशींत घातलं की गुठळ्या होतात. कोणती साखर त्या थांबवते, हे त्यांना शोधायचंय. तुम्ही दुर्मिळ आहात, म्हणाले. मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी एक बाटली रक्त दिलं. आता तीन महिने नको, म्हणाले.

२४ जून
दुसरी बाटली. डॉक्टरांनी खजूर आणला. नोंदवहीत माझ्यासारख्याच रक्ताचं, माझ्याआधीचं एक नाव आहे, विजयमाला. तिच्या बाटल्यांच्या तारखा जवळजवळ येत गेल्यात. पुढे पान कोरं. नळ्या धुणाऱ्या बाळाबाईंना विचारलं. बिद्रीला सासरी गेली, म्हणाल्या. मग मान वर न करता,
"शेवटी भिंत धरून चालायच्या त्या. तुमी अजून धरत न्हाय की."

८ जुलै
तिसरी. बिद्रीला पाठवलेलं माझं पत्र परत आलं. त्या नावाचं तिथे कुणी नाही. डॉक्टरांनी विचारलं, तिला कशाला लिहिता? मी तर फक्त बाळाबाईंकडे टाकायला दिलं होतं.

१५ जुलै
चौथी. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण सुई आधीच — जिन्यात भिंत धरली. बाळाबाईंनी पाहिलं.

१९ जुलै
सकाळी पाचवी. दाराला बाहेरून कडी. विश्रांतीसाठी, म्हणे. नखं पांढरी. धाप —
विजयमाला नाही. म्हणजे साऱ्या गावात मला चालेल असं रक्त एकच. फ्रिजमध्ये, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.
हे पान फाडून दाराखालून सरकवते. डॉक्टर, तुम्ही देणार नाही, ठाऊक आहे. तरी मागते. त्यातली एक बाटली — माझीच — मला परत —