कोर्टाच्या मते अविवाहित

परमेश्वर, माता मरिया आणि सर्व संतांना स्मरून मी सिबिल मॅडिसन, धंदा मेणबत्त्यांचा, राहणार वेल्स्टो, लिंकनशायर, अंग तापाने फणफणले असले तरी डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. लिहिणारे फादर गॉडफ्री. प्रत्येक ओळ मी दोनदा वाचून घेतली आहे. हल्ली पाद्र्यांवरही डोळे मिटून भरवसा ठेवायचे दिवस नाहीत.

देह वडिलांशेजारी पुरावा. उशाशी माझ्याच शुद्ध मेणाच्या चार मेणबत्त्या लावाव्यात. उरलेली थोटके फादरांनी विकू नयेत.

लग्नाची अंगठी रीतीप्रमाणे चर्चमधल्या मरियामातेच्या बोटात जायची. पण राजाची माणसे तिथल्या चीजवस्तूंची यादी करून गेली आहेत. लक्षण बरे नाही, उद्या सगळे जप्त होईल. अंगठी माझ्याच बोटात राहू द्यावी.

आता घर. माझी सोयरीक आधी रेफ टॉथबीच्या थोरल्या भावाशी झाली होती. तो लग्नाआधीच वारला. भावाच्या वाग्दत्त वधूशी लग्नाला धर्माची मनाई, म्हणून रोमहून पोपसाहेबांची परवानगी आणून रेफने माझ्याशी लग्न केले. बावीस वर्षे संसार झाला. राणीही आधी राजाच्या भावाची; राजाने पोपला झुगारून तिला टाकले, तेव्हा रेफलाही अक्कल सुचली. रोमचा कागद आता रद्दी, म्हणून लग्न झालेच नाही, असा निकाल त्याने कोर्टातून आणला. एका कोवळ्या पोरीपायी पोटची जॉयस अनौरस करून टाकली.

इथे फादरांनी लेखणी थांबवली. "सिबिलबाई, 'पत्नी' लिहू की 'अविवाहित'?"

जॉयस रडायला लागली. "आई, घर गेलं तर जाऊ दे. तू बाबांची बायको नव्हतीस, असं नको गं लिहू."

"बायको म्हटलं, तर नवऱ्याच्या परवानगीवाचून हा कागद फुकट. घर त्याच्या घशात. लिहा फादर, अविवाहित."

गेल्या महिन्यात राणी वारली. आपण राजाची बायको नव्हतो, हे तिने मरेपर्यंत कबूल केले नाही. माझ्यात तेवढे बळ नाही. जॉयसला छप्पर हवे. या खोट्याबद्दल माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये तीस मिस्सा-प्रार्थना व्हाव्यात.

लग्नामुळे वडिलांचे घर रेफकडे गेले होते. लग्नच नाही, तर घर माझे. ते, मेणाची कढई आणि पळ्या जॉयसला. रेफला काही नाही. तो भांडायला येणार, मी त्याला ओळखून आहे. खुशाल यावे. सिबिल माझी बायको होती, असे भर कोर्टात शपथेवर सांगावे आणि घर घेऊन जावे. माझी लेक औरस ठरेल.

साक्षीदार: हम्फ्री डॉब्सन, लोहार. मार्जरी केल्सी, सुईण.
वेल्स्टो, २ फेब्रुवारी १५३६
सही: सिबिल मॅडिसन