ताई बसली आणि गाडी बसली

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला बस स्टँडवर सोडून घरी आलो आणि बघतो तर काय, गाडीने मागच्या उजव्या अंगाला बसकण मारलेली! तू बसली होतीस नेमकी तीच बाजू. एकवीस वर्षांची म्हातारी गाडी आपली. घर बदलताना कपाटंसुद्धा वाहिली, पण कधी कुरकुरली नाही. तुझ्यापुढे मात्र तिने हात टेकले. घरात नवी म्हणच पडली आहे, ताई बसली आणि गाडी बसली. छोटीने शाळेच्या वहीत चित्र काढलं. एका टोकाला आत्या आणि दुसऱ्या टोकाची चाकं आकाशात. आई तर पोट धरून हसली.

पुलाच्या चढावर तुला उतरून चालायला लावलं, त्याचा राग धरू नकोस. मागून साहेबांची गाडी येत होती. मी अर्ध्या चढावर अडकलो असतो तर ऑफिसात शोभा झाली असती. तू उतरलीस आणि गाडी कशी भुर्रकन चढली, ते तूच पाहिलंस.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन अठरा तारखेला ठरलं. गाडीच्या मागून हल्ली खट् असा आवाज येतो, तेवढं सोडलं तर बाकी क्षेम.

थट्टेवर जाऊ नये, माया आहे तशी ठेवावी.

तुझा
धाकटा

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले. सवयच आहे. तू सहा वर्षांचा असताना मला पिंप म्हणायचास, आणि आई पाहुण्यांसमोर तुला ते पुन्हा म्हणायला लावायची. पुलावर मात्र हसू आलं नाही. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. वर कठड्याला टेकून तू हात हलवत होतास.

आता कामाचं. आमच्या खालच्या मजल्यावर एक ट्रकवाला राहतो. परवा शर्ट उसवला म्हणून शिवून घ्यायला आला, तेव्हा त्याला सहज तुझ्या गाडीचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, माणूस उतरला की गाडी वर यायला हवी. ती बसलेलीच राहिली आणि खट् आवाज येतो, म्हणजे मागची स्प्रिंग तुटली आहे. तुटकं टोक कधीतरी टायर फाडतं. जॅक लावून चाकाच्या आत बॅटरी मारून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

तेवढं दाखवून घे. आईच्या ऑपरेशनला माझं मन तिथेच असेल. छोटीला चित्र फाडायला लावू नकोस, चांगलंच काढलं असेल. फक्त शाळेत दाखवू नको म्हणावं.

आहे तो जिव्हाळा जपावा.

तुझी
ताई

दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत आई काठी टाकून चालेल.

तुझं पत्र हॉस्पिटलात सगळ्यांना वाचून दाखवलं. नाचता येईना अंगण वाकडं! वजन आपलं आणि खोट स्प्रिंगची? मेव्हणा म्हणाला, ट्रकवाल्याचा डोळा दिसतोय ताईंवर, त्याच्याकडे वाहनही मापाचं आहे. त्यावर आई म्हणाली, पंचविशीत कुणी पसंत केली नाही, एक्कावन्नाव्या वर्षी कोण करणार. नर्ससुद्धा हसली.

गॅरेजवाला गाडी दोन दिवस ठेवून घेतो. तेवढ्यासाठी मी बसला लोंबकळत ऑफिसला जाऊ? अठ्ठावीसला आईला घरी आणतोय. तू यायचं म्हणशील, पण येऊ नकोस. आईला मागच्या सीटवर आडवं झोपवायचं आहे. तू आलीस तर तिला टपावर बांधावं लागेल.

रागावणार नाहीस, ठाऊक आहे. म्हणून तर लिहितो.

तुझा
धाकटा

दि. २५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी येत नाही. ट्रकवाला, नर्स, सगळं पोटात घातलं. एकच ऐक. आईला त्या गाडीतून नेऊ नकोस. हॉस्पिटलची गाडी मिळते, तीत झोपवून ने. माझ्यावर हवं तेवढं हस, पण एकदा खाली वाकून चाकामागे बघ.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, एवढं कर.

ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. पुलाच्या उतारावर मागे स्फोट झाल्यासारखा आवाज आला, टायर फुटला आणि गाडी गर्रकन फिरून कठड्यावर आदळली. मला खरचटलंही नाही. आई सीटवरून खाली पडली. तोच खुबा. आता ती त्या पायावर उभी राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मेकॅनिकने स्प्रिंग काढून माझ्या हातात दिली. खालचा वेढा तुटून टायरमध्ये घुसला होता. तुटल्या तोंडावर गंज चढलेला. तो म्हणाला, ताजी तूट चकचकीत दिसते, ही चार-सहा महिन्यांपूर्वीची. म्हणजे तू बसलीस त्याच्या कितीतरी आधीची.

हे तुला एकटीला सांगतोय. घरात मी सांगितलंय की तुझ्या वजनाने स्प्रिंग गेली. फार बोलावंही लागलं नाही, आधीपासून सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. आईला आता जन्मभर माझ्या आधाराने उठायचं-बसायचं आहे. तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर कसं होईल? तू लांब राहतेस, तुला काय फरक पडतो. भेटायला ये, पण तोंड मिटून. तुझी पत्रं मी जाळून टाकली आहेत.

मोठी आहेस, मोठेपणाने घ्यावं.

तुझा
धाकटा

दि. ९ एप्रिल

धाकट्यास,

आईला भेटून आले. तू ऑफिसात होतास.

सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. तुझं पत्र पिशवीत होतं. आईजवळ बसून ते उघडलं, तर तिने हात पुढे करून कागद पालथा घातला. म्हणाली, मला माहीत आहे. मी गाडीतच होते, बहिरी नाही. निघाल्यापासून तो आवाज येत होता. त्याला दोनदा विचारलं, तर त्याने रेडिओ मोठा केला.

मी म्हटलं, मग माझ्याकडे चल. ती म्हणाली, तुझ्या खोलीला बावीस पायऱ्या. आणि नसत्या तरी आले नसते. मला मुलाकडेच राहायचं आहे. त्याला खोटं पाडलं तर तो माझ्याकडे बघणार नाही, आणि मला रोज त्याच्याच हातून पाणी प्यायचं आहे. तू घे आपल्या अंगावर. तुझ्या अंगावर खपून जाईल.

मी कागद पिशवीत ठेवला. तेवढ्यात तुझी बायको औषध घेऊन आली. तिच्यादेखत आईने मला मोठ्याने विचारलं, इतकं खातेस तरी कशाला गं? मी म्हटलं, चुकलंच माझं. आई हसली. तुझी बायको म्हणाली, अपघातानंतर आज पहिल्यांदा हसल्या.

यापुढे पत्र पाठवू नकोस. तुम्हा सर्वांचा आपसातला लोभ असाच राहो.

ताई